अक्रोध आणि अभय

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर यांना हिंदू विचारात षड्‌रिपू म्हटले आहे. आपल्या धर्मशिक्षणातील सात प्रमुख पापांशी ही यादी ताडून पाहिली, तर मोह वगळता बाकीचे पाचही शत्रू ओळखीचे निघतात. मग साधकाने या भावना समूळ उपटून टाकायच्या काय? क्रोधापुरता हा प्रश्न आपणा नवी मुंबईकरांना विशेष अवघड आहे.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी सुमारे ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. उरण तालुक्यात पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे भूधारकांना १२.५ टक्के विकसित जमीन देण्याचे तत्त्व मान्य झाले. त्या शेतकऱ्यांच्या संतापाला रिपू म्हणण्यास आपली जीभ रेटत नाही. आपली घरे त्याच जमिनींवर उभी आहेत.

गीतेचा सोळावा अध्याय क्रोधाला नरकाच्या तीन द्वारांपैकी एक मानतो. त्याच अध्यायाच्या आरंभी दैवी संपत्तीचे २६ गुण मोजले आहेत. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ते एकेक करून मराठीत उलगडले. त्या यादीत अक्रोध आहे, परंतु पहिले स्थान अभयाला आहे, आणि क्षमेच्या शेजारी तेज आहे. तेव्हा भयापोटी गप्प बसणाऱ्याला अक्रोधी म्हणता येत नाही. त्याच्यापाशी पहिलाच गुण नसतो. नारदभक्तिसूत्रे तर काम-क्रोधही ईश्वराकडेच वळवावेत, असे सांगतात. संत थॉमस अक्वायनस यांच्या मतेही भावना स्वतः पाप नसते वा पुण्यही नसते. विवेक तिला सद्‌गुणाच्या वाटेवर आणतो.

मग तेज कोणते आणि क्रोध कोणता, हे ओळखावे कसे? त्याच यादीत ‘अद्रोह’ हा शब्द आहे. अन्याय दूर झाल्यावर शमते ते तेज. अन्याय करणाऱ्याचा नाश झाल्याखेरीज शमत नाही तो क्रोध. सोसायटीच्या सभेत पाण्यावरून वा पार्किंगवरून आपला आवाज चढतो, तेव्हा ही कसोटी आपल्याला सहसा पेलत नाही. उलट, ज्याचे खरोखर हिरावले गेले त्याला आपण शांतीचा उपदेश करतो. आणि त्या हिरावण्याचा लाभ आपल्याला झाला असेल, तर तो उपदेश अधिकच गोड शब्दांत करतो. रात्री विवेकपरीक्षण करताना ‘आज मी रागावलो का?’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘कोणासाठी रागावलो, आणि कोठे रागवायला घाबरलो?’ हेही स्वतःला विचारावे लागेल.