कोण कोणास फिरवितो

पनवेल हे मूळचे चाकांचे गाव. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, देशावरचा माल घाट उतरून पनवेलच्या बंदरात येऊ लागला, आणि त्या वाहतुकीच्या भरभराटीच्या काळात बैलगाडीची चाके घडविणे हा ह्या कसब्याचा मुख्य धंदा होऊन बसला, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील सरकारी गॅझेटियरात आढळते. तुंबा, आरे, पाटे आणि वरून चढविलेली लोखंडी धाव ह्या चार अवयवांचे ते चाक; त्यांपैकी तुंब्याचे, म्हणजे नाभीचे, उपनिषदांच्या ऋषींना विलक्षण आकर्षण होते. छांदोग्यात प्राणाविषयी आणि बृहदारण्यकात आत्म्याविषयी बोलताना, सर्व काही ज्यात रोवलेले आहे त्याचा दाखला म्हणून, त्यांनी नाभीत बसविलेले आरेच पुढे केले. त्या दाखल्यातील नाभी केवळ जोडते. पनवेलच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांतून हल्ली जुन्या जीपगाड्यांना जी नाभी बसवून मिळते तिला जोडणे आणि सोडणे ही दोन्ही कामे येतात, आणि म्हणूनच कर्म श्रेष्ठ की संन्यास श्रेष्ठ ह्या आपल्या सनातन वादात तिची साक्ष काढावी असे मला मनापासून वाटते.

प्रथम तिची रचना सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या पुढच्या आसाच्या पोकळ नळीतून एक पोलादी दांडा चाकापर्यंत येई आणि त्याच्या टोकावरील खाचा ड्राइव्ह फ्लँज नावाच्या तबकडीत बसत. ती तबकडी चाकाच्या हबला बोल्टांनी कायमची आवळलेली असे. पुढच्या चाकांना इंजिनाचे बळ द्यावयाचे की नाही हे चालकाशेजारची लहान दांडी ठरवी. परंतु त्या दांडीने बळ तोडले तरी चाक आणि दांडा यांची जखडण सुटत नसे, आणि सपाट डांबरी रस्त्यावरून गाडी केवळ मागच्या चाकांच्या जोरावर धावत असताना पुढची चाके दांड्याला, दांडा डिफरन्शिअल ह्या दोन्ही चाकांत बळ वाटणाऱ्या दातेरी पेटीला आणि डिफरन्शिअल गाडीखालच्या लांब प्रोपेलर शाफ्टला विनाकारण फरफटत नेत असत. युद्ध संपल्यावर हजारो जीपा मुलकी वापरात आल्या, त्यांचा बहुतेक प्रवास बांधीव रस्त्यावरून होऊ लागला, आणि ह्या फुकटच्या फिरण्याने तेल जाते, आवाज वाढतो, शाफ्टच्या सांध्यांतील क्रॉस झिजतात, हे जाणवू लागले. १९४८ साली अमेरिकेतील सिॲटल शहरात आर्थर वॉर्न ह्या गृहस्थाने त्यावर तोड म्हणून हाताने जोडता-सोडता येणारे हब करून विकण्याचा व्यवसाय आरंभिला. त्या हबच्या तोंडावर एक फिरती चकती असते. ती ‘फ्री’वर ठेवली की चाक बेअरिंगांवर सुटे फिरते आणि दांडा स्वस्थ राहतो, ‘लॉक’वर आणली की आतली दातेरी कडी सरकून दोघांस एक करते.

हे काम पाहण्यासारखे असते. मिस्त्री जॅकवर चाक उचलतो, फ्लँजचे बोल्ट काढतो, जुन्या गॅस्केटचे चिकटलेले पापुद्रे पात्याने खरवडतो; बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन तळहातावर घेतलेले ग्रीस त्याच्या एकेका फटीत दाबून भरतो; आतला नट घट्ट आवळून मग किंचित सैल करतो आणि चाक दोन्ही हातांनी वर-खाली हलवून, कानाने आणि मनगटाने, त्यात डुगडुग उरली आहे काय ते पाहतो. सरतेशेवटी हब बसवून, दांड्याच्या टोकाला सर्क्लिप लावून, तो चकती फ्रीवर ठेवतो आणि चाकाला एक हिसडा देतो. चाक एकटेच, जवळजवळ निःशब्द फिरत राहते. मग तो चकती लॉकवर फिरवून पुन्हा हिसडा देतो, आणि गाडीखाली वाकून पाहावे तो आतापर्यंत निश्चल असलेला शाफ्ट जागा होऊन फिरू लागलेला दिसतो. चाकाला बसलेला धक्का गाडीच्या पोटात पोहोचला हे तेथे डोळ्यांनी पाहावयास मिळते.

आता शास्त्राकडे वळू. ज्ञान झाल्यावरही ज्ञान्याचे शरीर का टिकते, ह्या प्रश्नाला ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कुंभाराच्या चाकाच्या दृष्टान्ताने उत्तर दिले आहे: कुंभाराने हात काढून घेतला तरी पूर्वीचा वेग संपेपर्यंत चाक फिरतच राहते. दृष्टान्त निर्दोष आहे, परंतु तो केवळ टिकण्याचा खुलासा करतो. हात काढल्यानंतरच्या त्या चाकावर नवे मडके घडत नाही. त्याचे फिरणे हे थांबण्याच्या वाटेवरील फिरणे होय. जनकासारखा ज्ञानी राज्य चालवितो, न्यायनिवाडा करतो, लोकसंग्रहासाठी झिजतो, आणि तरीही त्यास बंधन लागत नाही, हे जे गीतेचे म्हणणे, त्याचे चित्र कुंभाराच्या चाकात सापडत नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी आचार्यांशी जो वाद मांडला तो नेमका ह्याच जागी. ज्ञानोत्तर कर्म हे केवळ पूर्ववेगाचे अवशेष नसून ते ज्ञान्याचे कर्तव्य आहे, असा त्यांचा आग्रह होता. फ्रीवर ठेवलेले चाक ह्या बाबतीत अधिक बोलके आहे. ते दांड्यापासून सुटलेले असते, पण भारापासून सुटलेले नसते. गाडीचे वजन ते पूर्वीइतकेच पेलते, चालक वळवील तिकडे वळते, ब्रेक दाबला की थांबते, खड्ड्याचा दणका सोसते. फक्त तो दणका आत पाठविण्याचे आणि आतल्या यंत्राला व्यर्थ फिरविण्याचे त्याने सोडलेले असते. अनासक्ती म्हणजे जबाबदारी टाकणे अशी जी समजूत संन्यासाच्या नावाखाली रूढ झाली आहे, तिचे इतके सरळ खंडन मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

येथवर आल्यावर सुटे चाक म्हणजे मुक्त आणि जखडलेले चाक म्हणजे बद्ध, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण हा निकाल उतावळेपणाचा ठरेल. पनवेलहून पेणच्या बाजूस गेले की विनोबांचे जन्मगाव गागोदे लागते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, त्यांत चौथ्या अध्यायाचा त्यांनी केलेला उलगडा असा की, बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड, म्हणजेच विकर्म, मिळाली की त्यातून अकर्म निपजते. म्हणजे विनोबांच्या मते ओझे हलके होते ते जोडण्याने! एकीकडे सुटण्यात निर्लेपता, दुसरीकडे जोडण्यात निर्लेपता. मग खरे कोणते?

माझे उत्तर असे आहे की, जोड एकच असली तरी तिच्यातून बळ दोन दिशांनी वाहू शकते, आणि बंधमोक्षाचा सारा प्रश्न त्या दिशेचा आहे. हब लॉक आहे आणि लहान दांडीने बळ तोडलेले आहे, अशा गाडीत चाक दांड्याला फिरविते: रस्ता बाहेरून हुकूम सोडतो आणि आतले सारे यंत्र त्याच्या ताबेदारीत फिरते. हब लॉक आहे आणि दांडीने बळ जोडलेले आहे, त्या गाडीत दांडा चाकाला फिरवितो: बळ आतून निघते आणि चिखलात रुतलेल्या चाकापर्यंत जाऊन पोहोचते. कडी तीच, दातही तेच. पहिल्या स्थितीला आसक्ती म्हणावे आणि दुसरीला विनोबांचे विकर्म. संसारात आकंठ बुडालेला मनुष्य आणि लोककार्यात सर्वस्व ओतणारा मनुष्य हे बाहेरून इतके सारखे दिसतात, दोघांचेही मन कामाशी इतके एकजीव झालेले असते, की त्यांतील भेद पाहणाऱ्याला पुष्कळदा कळत नाही. त्या त्या मनुष्याला स्वतःला मात्र तो कळतो, कारण कोण कोणास फिरवीत आहे हे आतल्या माणसाला ठाऊक असते.

ह्याच्या उलट एक अवस्था आहे आणि तिची मला अधिक भीती वाटते. दांडीने बळ जोडलेले, पण हब सुटेच राहिलेले. इंजिन गरजते, शाफ्ट फिरतो, दांडे नळीच्या आत जोराने फिरतात, आणि चाकापर्यंत त्यातले काहीच येत नाही. नित्य पारायण, जप, चिंतन ह्यांत निष्ठेने दिवस घालविणाऱ्या आणि तरीही शेजाऱ्याच्या दुःखाशी ज्याचा स्पर्श होत नाही अशा साधकाची ही स्थिती आहे. त्याच्या साधनेत खोट नाही, बळही कमी नाही. शेवटची एक कडी तेवढी सरकलेली नाही. आणि अर्धा संकल्प तर यंत्रालाही मानवत नाही: एकाच बाजूचे हब लॉक केले तर साध्या डिफरन्शिअलच्या स्वभावानुसार सारे बळ सुट्या बाजूच्या दांड्याला निरर्थक गरगरविण्यात जाते आणि लॉक केलेल्या चाकापर्यंतही काहीच पोहोचत नाही.

पावसाळ्यात पनवेलहून गाढी नदीच्या काठाने मालडुंगे, धोदाणीकडे, माथेरानच्या पायथ्याला जावे. मुख्य रस्ता सोडून वाट भातखाचरांच्या कडेने चिखलात शिरण्यापूर्वी चालक गाडी थांबवितो, भर पावसात उतरतो, एका चाकाशी वाकून चकती फिरवितो, वळसा घालून दुसऱ्या चाकाशी तेच करतो, आणि कडीचे दात नीट बसावेत म्हणून गाडी हातभर पुढे घेतो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हे काम आपोआप होते किंवा बसल्या जागी बटण दाबून होते, आणि सोयीच्या दृष्टीने त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. परंतु धर्माच्या प्रांतात मला हाताने फिरविण्याची चकतीच अधिक खरी वाटते. आपोआप जडलेली आसक्ती आणि आपोआप आलेले वैराग्य ही दोन्ही परिस्थितीची देणी आहेत. घरात मृत्यू घडला की येणारे वैराग्य तेराव्या दिवसानंतर कोठे जाते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. थांबणे, उतरणे, वाकणे हा त्या कृतीचाच भाग आहे, आणि तो चिखलात शिरण्याआधी उरकावा लागतो. कारण गाडी आसापर्यंत रुतल्यावर चकती चिखलाखाली गेलेली असते. परतताना डांबरी रस्ता लागला की पुन्हा उतरावे लागते, आणि अनुभव असा की जोडण्याचे स्मरण बहुतेकांना राहते, सोडण्याचे राहत नाही. कार्य संपल्यावरही अधिकाराच्या खुर्चीला मनाने जखडून राहिलेले कितीतरी थोर पुरुष ह्या महाराष्ट्राने पाहिले.

मात्र ही साक्ष एका ठिकाणी अपुरी पडते, आणि ते ठिकाण गीतेतच आहे. अठराव्या अध्यायात सारे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला नीट विचार करून इच्छेस येईल तसे करण्याची मुभा देतात. म्हणजे चकती त्याच्या हाती देतात. आणि लगेच पुढे सर्व धर्म टाकून आपल्यालाच शरण ये, असेही सांगतात. हात तरी आपला ठेवावयाचा की नाही, असा पेच येथे पडतो, आणि भाष्यकारांची मते येथे फाकतात. मी स्वतः ह्या दोन वचनांचा क्रम महत्त्वाचा मानतो. मुभा आधी आहे, शरणागती नंतर. ज्याच्या हाती चकती दिलीच नाही त्याच्याकडे शरणागती मागता येत नाही, आणि अर्जुनाने पुढे जे उत्तर दिले, मोह गेला, स्मृती आली, आता तुझे वचन पाळीन, ते उत्तरही त्याने आपल्या तोंडानेच दिले आहे.