गर्भातल्या जिवाचे प्रारब्ध कोणाचे?



वैनगंगेकाठच्या एका गावी सप्ताहाचे काल्याचे कीर्तन आटोपले. एक बाई मुलाला घेऊन पाया पडायला आली. मूल आठ-नऊ वर्षांचे. सांगितलेले क्षणात विसरणारे, एका जागी न ठरणारे. तिने विचारले, "याचं काय पाप होतं जी, महाराज?" मी सवयीने म्हणालो, "माय, प्रारब्ध!" ती मान खाली घालून गेली. ते उत्तर मला आजही टोचते.

त्या मुलाचे नेमके कारण मला ठाऊक नाही. अशी कारणे अनेक असतात. पण पुढे एका डॉक्टरांनी त्यांपैकी एक समजावून सांगितले, आणि मी अंतर्मुख झालो.

आपला भंडारा जिल्हा धानाचा, तळ्यांचा, तसाच मोहाचाही. मोहफुले वेचावी, वाळवावी, खावी. त्यांत दोष नाही. त्यांचाच सडवा घालून दारू गाळली की गोष्ट निराळी. गरोदर बाईने घेतलेली दारू वारेतून गर्भाच्या रक्तात उतरते. त्याचे यकृत कोवळे. त्याला ती लवकर निपटता येत नाही. मेंदू ज्या मूळ पेशींपासून घडतो, त्या तेव्हा भराभर वाढून आपापल्या जागी निघालेल्या असतात. दारूने त्यांची वाढ मंदावते, काही मरतात, काही भलत्याच जागी पोचतात. मेंदू आणि कण्याची मूळ नळी गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. फ्रान्समध्ये १९६८ साली आणि अमेरिकेत १९७३ साली डॉक्टरांनी अशा मुलांची लक्षणे नोंदवली. गरोदरपणी इतकी दारू चालते, असे कोणतेच प्रमाण सांगता येत नाही.

मग दोष आईचा? असे म्हणणे सोपे आहे. पण भट्टी कोणी लावली? घरात बाटली कोणी आणली? रोवणीने अंग मोडले तेव्हा "घे थोडी, बरं वाटेल" कोण म्हणाले? आणि हे सारे तिला वेळेवर सांगितले कोणी? तिला पापिणी ठरवले, तर ती आशाताईपासूनही लपेल आणि दारू तशीच राहील.

शास्त्र प्रारब्ध आणि क्रियमाण असा भेद करते. जे घडून गेले आणि आता टळत नाही, ते सोसायला प्रारब्ध हा शब्द बळ देतो. जे अजून आपल्या हातात आहे, ते क्रियमाण. हातातले कर्म प्रारब्धाच्या खात्यावर लिहिणे ही भक्ती नव्हे, पळवाट आहे.

माळकरी म्हणेल, "मी तर दारूला शिवत नाही." खरे आहे. पण माळ आपल्या गळ्यात आणि शेजारच्या गर्भवतीविषयी आपल्या तोंडाला कुलूप, हे कसे? ओटीभरणाला जमलेल्या घरात दोन शब्द मायेने सांगावे. सवय जडलेली असेल तर तिला न रागावता दवाखान्यात न्यावे. घरच्या पुरुषांनी आधी स्वतःचा पेला खाली ठेवावा.

जन्मलेल्या लेकराच्या मेंदूची ही हानी पुसता येत नाही. पण लवकर ओळखून, रोजचा एकच क्रम ठेवून, एका वेळी एकच गोष्ट धीराने शिकवली, तर ते पुष्कळ सावरते.

यंदाच्या सप्ताहाला त्या गावी पुन्हा जायचे आहे. ती माउली भेटली तर आधी क्षमा मागेन. मग सांगेन, "माय, तुझ्या लेकराचे काहीच पाप नाही."