शिक्षा वाढवून मागणार कोण?

अपराध्याला झालेली शिक्षा अपुरी आहे, असे न्यायालयात म्हणण्याचा अधिकार कोणाचा? ज्याचे माणूस गेले त्याचा, असे आपले मन तत्काळ उत्तर देते. कायदा मात्र तो अधिकार शासनाच्या हाती ठेवतो.

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मद्यप्राशन केलेल्या चालकाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सातजण मृत्यू पावले, आठजण जखमी झाले. सत्र न्यायालयाने हा हयगयीचा अपराध मानून सहा महिने कैद दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून शिक्षा तीन वर्षांवर नेली. चालक सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१२ मध्ये त्याचे अपील फेटाळताना तीन वर्षेही अपुरीच आहेत, असे त्या न्यायालयाने म्हटले; परंतु शासनाने अपील केले नव्हते, म्हणून शिक्षा वाढवण्याचा विचार केला नाही.

यात आप्तांचे स्थान काय? निर्दोष सुटका, सौम्य कलमाखालील दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई यांविरुद्ध अपील करण्याचा अधिकार त्यांना २००९ च्या दुरुस्तीने मिळाला. शिक्षा कमी म्हणून अपील करण्याचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले. वरवर हे निष्ठुर दिसते. तरी आम्हांस ते तत्त्व योग्य वाटते. शोकाला माप नसते, शिक्षेला मात्र ते असावे लागते. शिक्षा जर आप्तांच्या क्षोभावर अवलंबून राहिली, तर ज्याच्यामागे रडणारे कोणी नाही, त्याचा जीव स्वस्त ठरेल.

परंतु दुसऱ्याचा हक्क आपल्याकडे घेणाऱ्यावर ऋणही येते. आप्तांच्या वतीने बोलण्याचे पत्करल्यावर शासनाचे मौन त्रयस्थाचे मौन राहत नाही. अपील न करणे कधी योग्यही असेल: चालकाचे वय, त्याचा पश्चात्ताप, त्याने दिलेली भरपाई यांचा विचार करून शासनाने थांबावे, ही दया होय. मुदत टळून गेल्यामुळे जे घडते, त्याला मात्र दया म्हणता येणार नाही.

शासन म्हणजे अखेर कोणी टिपण लिहिणारा आणि कोणी त्यावर सही करणारा. आपल्यापैकी अनेकांच्या मेजावर असे कागद येतात. ‘अपील करू नये’ असे लिहिणाऱ्याने त्याखाली कारणही लिहावे. मृताच्या घरचे ते कधी वाचणार नाहीत. तरी ते लिहिलेले असावे, एवढा त्यांचा हक्क आहे.