प्रतिकृतीतला माणूस

दिवाळी जवळ आली की कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मातीचे किल्ले आणि मावळे विकायला मांडले जातात. सिंहासनावरचे महाराज, भालदार, घोडेस्वार, तोफा, बुरुजावरचे पहारेकरी. पुण्यातल्या बहुतेक मुलांच्या हाती येणारी युद्धाची पहिली प्रतिकृती ही अशी असते. शेख सल्ल्याच्या दर्ग्याच्या आसपास वाढलेली आमची मुलेही या किल्ल्यांपासून कधी लांब राहिलेली नाहीत. शेजारच्या वाड्यात किल्ला होत असला की माती मळायला, हळीव पेरायला आणि कोणता मावळा कुठे उभा करायचा यावर भांडायला सगळीच मुले हजर असतात. पुढे यातल्याच काहींना लढाऊ विमाने आणि युद्धनौका यांच्या छोट्या प्रतिकृती करण्याचा नाद लागतो. खोक्यातले प्लास्टिकचे सुटे भाग कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, जोडायचे, फटींमध्ये लांबी भरायची, रंगाचे पातळ थर द्यायचे, पाण्यात भिजवलेली चिन्हे पंखांवर अलगद सरकवायची. एका विमानाला महिना जातो, जहाजाला कधी वर्षही जाते.

या छंदाबद्दल आपल्या घरांतून दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला धर्माचा: ही मूर्तीच झाली, ती घरात कशी ठेवायची? दुसरा व्यवहाराचा: लोक काय म्हणतील, विमान कोणत्या देशाचे आहे? दोन्हींचा विचार करायला हवा. पण तिसरा एक प्रश्न आहे. तो सहसा कोणी विचारत नाही आणि आमच्या मते तोच खरा आहे. जे माणसे मारण्यासाठी बनवले, ते आपण इतक्या प्रेमाने का घडवावे?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर फारसे अवघड नाही. चित्रे करून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (र.) यांच्याकडे आला, ही हकिकत हदीसच्या ग्रंथांत आहे. त्यांनी त्याला प्रतिमा करण्याबाबतचा इशारा ऐकवला. तो ऐकून माणूस घाबरला, तेव्हा त्यांनी वाट दाखवली: करायचेच असेल तर झाडे कर, ज्यांत रूह नाही अशा वस्तू कर. जहाजात आणि विमानात रूह नाही. मुलांच्या खेळण्याबाबत तर याहून मोकळी हकिकत आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती येते. पैगंबर (स.) एका मोहिमेवरून परतले होते. वाऱ्याने पडदा हलला आणि हजरत आयशा (र.) यांच्या बाहुल्या दिसल्या. त्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे त्यांनी विचारले. सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का, असे आयशांनी उलट विचारले, आणि पैगंबर मनापासून हसले. घोडा म्हणजे त्या काळातले लढाईचे वाहन, आणि हा तर उडणारा. छोट्या लढाऊ विमानाला याहून जवळचा पूर्वज सापडणे कठीण आहे.

उरतो तो चालकाच्या जागेवर चिकटवायचा वैमानिकाचा इवलासा पुतळा. त्याला नाक-डोळे जेमतेम असतात. तरी काही जण त्याला वगळतात आणि विमान रिकामे ठेवतात. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण ती रिकामी जागा पाहिली की तिसरा प्रश्न समोर येतो.

विमानांच्या प्रतिकृतींचे सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२ आहे. हा आकडा इंच-फुटांच्या हिशेबातून आला. एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे साधारण एका उंच माणसाची उंची. हे माप माणसावरून घेतलेले आहे. विमान माणसाच्या हिशेबाने लहान करायचे, मग त्यावरचे रिव्हेट मोजायचे, नळकांड्याजवळची काजळी रंगवायची, जहाजाच्या अंगावर गंजाचे ओघळ काढायचे. आणि माणूस मात्र हिशेबातून गळतो. गंज जितका हुबेहूब तितकी शाबासकी मोठी. रक्त कोणी रंगवत नाही. ते रंगवावे असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या कलेत हुबेहूबपणाला इतका मान आहे, तिच्यातून सत्याचा एक मोठा भाग नेहमीच वगळला जातो, हे लक्षात ठेवायला हवे.

प्रतिकृतींचा इतिहासही निव्वळ खेळाचा नाही. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर, १९४२ साली, तिथल्या नौदलाने शाळकरी मुलांकडून विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागवल्या. प्रमाण हेच, १:७२. आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे तोफेवरच्या सैनिकांना सावलीवरून ओळखता यावे, म्हणून मुलांनी वर्गात बसून लाकूड तासले. एकाच तुकड्यामुळे मित्राचा जीव वाचणार होता आणि शत्रूचा जाणार होता. पुढच्याच वर्षी, मे १९४३ मध्ये, ब्रिटिश वैमानिकांनी जर्मनीतले मोहने धरण फोडले. त्या आधी त्यांना धरणाची आणि भोवतालच्या प्रदेशाची बारकाईने केलेली प्रतिकृती दाखवण्यात आली होती. तिच्यातली टेकड्या, झाडे आणि पाणी पाहून कारागिराला दाद द्यावीशी वाटते. त्या रात्रीच्या पुरात हजाराहून अधिक माणसे बुडाली. त्यांत पूर्व युरोपातून पकडून आणलेल्या वेठबिगार स्त्रियाही होत्या. प्रतिकृतीत त्यांची वसाहत दाखवण्याचे कारण कोणाला पडले नव्हते.

आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊ. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेवर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. काही मिनिटांत नौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच गेले. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आज दीवला समुद्राकडे तोंड केलेल्या टेकाडावर त्यांचे स्मारक आहे आणि तिथे काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती ठेवली आहे. खरी नौका समुद्राच्या तळाशी आहे. तिचा आकार डोळ्यांनी पाहायचा तर आता ही प्रतिकृतीच आहे. ही वस्तू खेळणे म्हणून कोणी पाहत नाही. लोक तिच्यासमोर कबरीसमोर उभे राहावे तसे उभे राहतात.

मग कपाटातली नौका आणि दीवची नौका यांत फरक काय? प्लास्टिक, लाकूड, रंग, सगळे जवळपास तेच. फरक इतकाच की दीवच्या नौकेशेजारी १९४ जणांची आठवण आहे. इब्ने अब्बासांनी दिलेली मुभा रूह नसलेल्या वस्तूंसाठी होती. खुकरी लोखंडाची होती हे खरे. पण ती बुडाली तेव्हा तिच्यात १९४ रूह होत्या. ज्यांचे चित्र काढू नये असे आपण मानतो, तीच माणसे त्या लोखंडाच्या पोटात होती. म्हणून ही मुभा आम्हाला सवलतीपेक्षा जबाबदारी वाटते. माणसांचे चेहरे घडवायचे नसतील तर त्यांची आठवण तरी ठेवली पाहिजे.

आणि ही आठवण एका बाजूची असून भागत नाही. त्याच डिसेंबरात, काही दिवस आधी, पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. तिच्यातले नव्वदहून अधिक खलाशी गेले. त्यांच्याही आया घरी वाट पाहत होत्या. भारतीय नागरिक म्हणून आम्हाला आपल्या नौदलाचा अभिमान आहे. पण बुडणाऱ्या माणसाबद्दल वाईट वाटण्यासाठी आधी त्याचा झेंडा पाहण्याची गरज नाही. असे वाटल्याने देशप्रेम कमी होत नाही.

इथे दुसरा, व्यवहाराचा आक्षेप येतो. १९६५ च्या युद्धातली नॅट आणि सेबर ही जोडी जगभरच्या छंदिष्टांना ठाऊक आहे. नॅट भारताचे, छोटे आणि चपळ. सेबर पाकिस्तानकडचे, अमेरिकेने दिलेले. नॅटची कामगिरी कळायची तर समोर सेबर हवेच. शेजारच्या घरातल्या मुलाने ही जोडी फळीवर ठेवली की तो अभ्यासू ठरतो. आपल्या मुलाने ठेवली की पाहुण्याची नजर आधी सेबरच्या शेपटीवरच्या चिन्हाकडे जाते. कोणी काही बोलत नाही, पण आई ते विमान हळूच मागच्या रांगेत सरकवते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी जे कळते ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. हा अन्याय आहे आणि तो अन्याय आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पण त्यावरचा आपला उपायही तपासून घ्यावा. आम्ही फक्त आपल्याच विमानांच्या प्रतिकृती करतो, असे दाखवून आपण प्रमाणपत्र मिळवू पाहतो. तसे करताना मुलाच्या निरागस छंदाला आपणच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो. याच्या उलट दुसरे टोकही आपल्यात आहे. एखाद्या देशाचे नाव मुस्लिम आहे एवढ्यावरून त्याचे लढाऊ विमान पाहून काहींची छाती फुगते. त्या विमानाच्या बॉम्बखाली कोण सापडले, हे विचारायचे राहून जाते. गेल्या काही दशकांत मुसलमानांच्या वस्त्यांवर मुसलमान राज्यकर्त्यांच्या विमानांनीही बॉम्ब टाकले आहेत. शस्त्राला कलमा पढता येत नाही.

आपल्या कोकणच्या समुद्रातही हेच दिसते. १६७९ साली खांदेरी बेटापाशी शिवाजी महाराजांच्या आरमाराची इंग्रजांशी झुंज झाली. मराठ्यांच्या बाजूने मायनाक भंडारी आणि दौलतखान होते. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या बाजूने उतरला. उद्या कोणी त्या लढाईतली गुराबे आणि गलबते १:७२ मध्ये करायला घेतली, तर मुसलमान माणूस कोणत्या बाजूला ठेवायचा? तो दोन्हीकडे आहे. दौलतखानाकडे कोणी निष्ठेचे प्रमाणपत्र मागितले नसावे. त्याचे काम समुद्रावर दिसत होते.

काही शांततावादी मित्र म्हणतील, एवढे सगळे असेल तर हा छंदच नको. रेल्वे करा, घरे करा. पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे सुंदर संग्रहालय आहेच. या म्हणण्यात तथ्य आहे. तरी आम्हाला ते पूर्ण पटत नाही. शस्त्राकडे पाठ फिरवल्याने शस्त्र नाहीसे होत नाही, फक्त त्याचे ज्ञान इतरांच्या हाती राहते. पहिली ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ पासून मोडीत निघाली. सुमारे ७०० फुटांची ती नौका १:७०० मध्ये एका फूटपट्टीएवढी होते. त्या फूटभर लांबीत एका पिढीचा इतिहास मावतो. तो हाताने घडवणाऱ्या मुलाला, वाचून विसरणाऱ्या मुलापेक्षा अधिक कळण्याची शक्यता आहे. शिवाय महिनाभर एका जागी बसून नजर आणि बोटे स्थिर ठेवणे ही सब्रची तालीम आहे. आमच्याच पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठाराचे ठोके सारख्या अंतरावर पाडणाऱ्या कारागिराला ती तालीम ठाऊक आहे.

प्रतिकृती कशासाठी असते याचा धडाही आपल्याकडे जुना आहे. मोहरममधला ताबूत ही प्रतिकृतीच आहे. करबलात शहीद झालेल्या इमाम हुसेन यांच्या रोजाची बांबू, कागद आणि बेगड यांतून केलेली आठवण. ताबुतांना आपल्यातल्याच अनेक उलेमांचा विरोध आहे, तो त्यांच्या जागी. १८९३ पर्यंत पुण्यात हिंदू मंडळीही त्यांत मोठ्या संख्येने भाग घेत, हेही इथल्या इतिहासात नोंदलेले आहे. आम्हाला एवढेच सांगायचे आहे की करबलाची आठवण ठेवताना लोकांनी जिंकणाऱ्यांच्या तलवारींची प्रतिकृती केली नाही. त्यांनी मारल्या गेलेल्याच्या विसाव्याची केली. आणि काम झाल्यावर ताबूत थंडे केले, त्याची मालकी मिरवली नाही.

म्हणून मुलांना हा छंद करू द्यावा, मात्र त्याबरोबर एक शिस्त लावावी. नौका किंवा विमान पूर्ण झाले की त्याखाली एक लहान कार्ड ठेवायचे. त्यावर लांबी, वेग, तोफांची संख्या असतेच. त्याखाली आणखी दोन ओळी लिहायच्या. या वाहनात कोण माणसे होती आणि त्यांचे काय झाले. या वाहनाने कोणाला मारले आणि तो दिवस कोणता होता. माहिती शोधायला मुलाला ग्रंथालयात जावे लागेल, मोठ्यांना विचारावे लागेल, कदाचित दोन्ही देशांतली पुस्तके वाचावी लागतील. नॅटच्या कार्डावर हे लिहावे आणि सेबरच्याही. मग सेबर मागच्या रांगेत सरकवण्याचे कारण उरणार नाही. पाहुण्याने भुवई उंचावलीच, तर मुलाने ते कार्ड त्याच्या हातात द्यावे.