गळ्यातली किल्ली

फिकट गुलाबी रंगाचा, गुडघ्याखाली पोहोचणारा, आतल्या जाळीदार परकराच्या योगाने घंटेसारखा फुललेला झगा परिधान करून माझी भाची भल्या पहाटे चेन्नईतील बेझंट नगरच्या किनाऱ्यावर, दुसऱ्यांना वाचवताना १९३० साली प्राणास मुकलेल्या डॅनिश खलाशाच्या श्वेत स्मारकापाशी, छायाचित्रे काढणाऱ्या मैत्रिणीची वाट पाहत उभी राहिली, तेव्हा सामानाचा रखवालदार म्हणून नेमणूक झालेल्या माझ्या मनात उद्भवलेला पहिला प्रश्न तात्त्विक नव्हता. या दमट मुलुखात एवढ्या झालरींखाली माणूस तग कसा धरणार, एवढाच होता. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, अशी म्हण आहे. तीत थंडीचेही सोंग आणता येत नाही, अशी दुरुस्ती सुचवण्याची मला इच्छा झाली. बालपण कोकणात गेल्यामुळे सूर्य समुद्रात बुडतो एवढेच मला ठाऊक. येथे तो समुद्रातून वर येतो, आणि त्या कोवळ्या उजेडासाठीच सारी धावपळ होती.

या पोशाखास जपानात ‘लोलिता’ म्हणतात. नाबोकोव्हच्या १९५५ सालच्या कादंबरीमुळे हे नाव ऐकताच सुशिक्षितांच्या भुवया वर जातात. परंतु तोक्योच्या हाराजुकु भागात बहरलेला, जुन्या युरोपीय बाहुल्यांच्या आणि बालिकांच्या पेहरावावरून घेतलेला हा वेष मर्यादशील आहे, आणि तो परक्याच्या नजरेसाठी नसून आपल्याच आनंदासाठी आहे, असे तो घालणाऱ्या मुली ठासून सांगतात. कॉस्प्ले, म्हणजे चित्रकथेतील पात्राचे हुबेहूब सोंग घेणे, याहून आपला प्रकार निराळा, असाही त्यांतील पुष्कळींचा आग्रह असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नई ट्रेड सेंटरात कॉमिक कॉनचा या शहरातला पहिला मेळा भरल्यापासून अशा सोंगांचे येथे कोणास नवल राहिलेले नाही.

“मग आज तू कोण?” मी विचारले.

“कोणीच नाही, मामा. मी साकुरा झालेली नाही. तिच्यावरून सुचलेला ड्रेस आहे नुसता.”

ही साकुरा क्लॅम्प नामक चित्रकर्त्री-मंडळाच्या १९९६ साली सुरू झालेल्या चित्रकथेची नायिका. तिची जादूची काठी एरवी किल्लीचे रूप घेऊन गळ्यात लटकते, आणि तिची जिवलग मैत्रीण दर प्रसंगी तिच्यासाठी नवा पोशाख शिवते. भाचीने ना काठी घेतली होती, ना केसांची ठेवण बदलली होती. गळ्यात किल्ली तेवढी होती. ‘झालेली नाही’ हे तिचे शब्द मात्र मला पुढे तासभर पुरले.

वेष म्हणजे दंभ, अशी आपल्या धर्मविचारातील एक बाजू आहे. येथून दक्षिणेस महाबलिपुरम्‌च्या प्रचंड शिल्पपटात, तपस्व्यांच्या मेळ्यात, एक मांजर पुढचे पाय उंचावून तप आचरीत उभे आहे, आणि उंदीर त्याच्या पायाशी विश्वासाने जमले आहेत. मार्जार-तपस्व्याची अशी कथा उद्योगपर्वात येते, ती दुर्योधनाने युधिष्ठिराला हिणवण्यासाठी उलूकाकरवी धाडलेल्या निरोपात; दांभिकतेची फिर्याद घेऊन कोण येतो, हे यावरून ध्यानात घ्यावे. त्या मांजराचा अपराध वेषात नाही, उंदरांच्या घटत गेलेल्या संख्येत आहे. जेथे कोणी फसावयाचे नाही तेथे सोंगाला दंभ म्हणण्यास मी तयार नाही.

शिवाय, देवांनाच वेषाची हौस किती! तुळजापूरची भवानी नवरात्रात एके दिवशी मुरली अलंकारात कृष्ण होते, दुसऱ्या दिवशी शेषशायी होते. आम्ही उभे होतो तेथून जवळच वेलांकण्णी मातेचे चर्च आहे, आणि तेथे नाझरेथची मरियम साडी नेसते. तमिळ मासी महिन्यातील मघा नक्षत्राला ट्रिप्लिकेनचा पार्थसारथी अलंकार धारण करून मरीनावर समुद्रस्नानास येतो. नटूनथटून समुद्राकाठी येण्याची या शहरातील वहिवाट माझ्या भाचीने पाडलेली नाही.

पण मला सर्वाधिक आठवली ती श्रीविल्लिपुत्तूरची तमिळ संतकवयित्री आंडाळ. विष्णूसाठी गुंफलेली माळ ही पोर आधी स्वतः घाले, विहिरीच्या पाण्यात आपले रूप न्याहाळी आणि मग माळ परडीत ठेवी. पित्याला ते कळले, त्याने संतापून नवी माळ गुंफली, आणि देवाने ती नाकारून तिने घातलेलीच मागितली. आजही तेथील माळ तिरुपतीच्या ब्रह्मोत्सवासाठी जाते. आंडाळ विष्णू झाली नव्हती. त्याचे म्हणून जे होते ते तिने क्षणभर अंगावर घेतले. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती शास्त्रकारांनी सांगितल्या. हुबेहूब सोंग घेणारा तिसरीचा उमेदवार म्हणावा, तर केवळ ‘सुचलेला’ पोशाख घालणारी पहिल्या दोहोंतच रमते, आणि ते तिच्या असामर्थ्यामुळे नव्हे. एकरूप झाल्यावर पाहावयाचे कोणाकडे? आमच्या तुकोबांनीही मुक्ती नाकारून गर्भवास मागितला, तो या अंतराची गोडी टिकावी म्हणूनच. चित्रकथेतील मुलीला विठ्ठलाच्या पंक्तीस बसवल्याबद्दल कोणी हरकत घेईल; परंतु मी तुलना करतो आहे ती आराध्यांची नव्हे, आराधनेच्या रीतीची, आणि साकुरा अस्तित्वात नाही हे माझ्या भाचीस माझ्याहून अधिक पक्के ठाऊक आहे.

एव्हाना सूर्य वीतभर वर आला होता. पाण्याच्या कडेला छायाचित्रे चालू असता उरूर कुप्पमकडून टोपली घेऊन येणारी एक कोळीण थबकली, आणि झग्याकडे वरपासून खालपर्यंत कौतुकाने पाहून म्हणाली, “कल्याणमा?” तमिळमध्ये कल्याणम् म्हणजे लग्न.

“इल्लै, अक्का,” म्हणून भाची हसली, आणि तेवढ्यात आलेल्या लाटेने झालर भिजू नये म्हणून दोन्ही हातांनी झगा उचलून, किल्ली दातांत धरून, वाळूवर धावत सुटली.