पायांपासून हास्यापर्यंत

भागवताच्या दुसऱ्या स्कंधात ध्यानाची एक रीत सांगितली आहे. साधकानं भगवंताच्या चरणांपासून सुरुवात करावी, एकेका अंगावर मन ठरवावं, ते ठरलं की वरच्या अंगाकडे जावं आणि असं चढत चढत मुखावरच्या हास्यापर्यंत पोचावं. देवळातला उत्सव चित्रित करणाऱ्यालाही हीच वाट चालायची असते. फरक एवढाच की त्याच्याजवळ दीड किलोचा कॅमेरा असतो, आणि हात थरथरतो.

तेलंगणातल्या मंचेरियलच्या परिसरात गोदावरीकाठी गुडेमच्या टेकडीवर सत्यनारायणाचं देऊळ आहे. अशा ठिकाणी मूर्तीचं चित्रण करायचं आणि क्रेन भाड्यानं आणायची ऐपत नाही, तर दोन उपाय उरतात. एक, कॅमेरा तिपाईवर जागच्या जागी ठेवून नुसती त्याची मान उचलायची. याला काहीच खर्च नाही. दुसरा, कॅमेराच सरळ वर न्यायचा.

मूर्ती दोन्हींत पायांपासून मुखापर्यंत दिसते, पण पाहणारा बदलतो. मान उचलली तर तो पायांशीच उभा राहतो. मुख दूर, उंचावर, जरा निमुळतं दिसतं. कॅमेरा वर गेला तर पाहणाराच उचलला जातो आणि शेवटी नजरेला नजर भिडते. भक्तानं देवाच्या उंचीला जावं का, हा प्रश्न इथं खरोखरचा होतो. पंढरपुरात पदस्पर्शदर्शन आणि मुखदर्शन यांच्या रांगा वेगळ्या आहेत; पण याच पंढरपुरात पूर्वी भक्त विठ्ठलाला आलिंगनही देत. जिथं मिठी मारता येत होती, तिथं समोरासमोर येण्यात आगळीक कसली? म्हणून वर जाणारा कॅमेराच या परंपरेला जवळचा वाटतो.

त्याचं यंत्र तेलंगणातल्या शेतकऱ्याला नवं नाही. विहिरीवरचं एतम म्हणजे खांबावर तोललेला लांब दांडा: एका टोकाला पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला भार. भांड्याच्या जागी कॅमेरा बांधा. दीड किलोचा कॅमेरा टेकूपासून दोन मीटरवर असेल, तर दुसऱ्या बाजूला अर्ध्या मीटरवर सहा किलो लागतात. लांब बाजूच्या पाइपाचं वजन पेलायला आणखी थोडे. पाण्याचा कॅन टांगला की पेलाभर पाणी कमीजास्त करून तोल नेमका साधता येतो. खाली समांतर दुसरी पट्टी जोडली की कॅमेरा वर जाताना तोंड फिरवत नाही. टोक कमानीत फिरतं हे खरं, पण दांडा आडव्या रेषेच्या २० अंश खालून २० अंश वर नेला तर सुमारे १.३७ मीटर उंची मिळते आणि पुढंमागं फरक पडतो तो फक्त १२ सेंटिमीटर.

तोल साधला की दांडा बोटानं चालतो. हिसका बसला की चित्र पाहणाऱ्याला कॅमेरा धरणारा माणूस आठवतो. त्याचा श्वास, त्याची घाई, त्याचा मीपणा. हिसका गेला की तो माणूस पुसला जातो. यावर एक आक्षेप मात्र खरा आहे. रांगेतल्या भक्ताची नजर कधीच इतकी गुळगुळीत नसते. त्याला धक्के बसतात, कुणाचं तरी डोकं आड येतं, पुढं सरका म्हणून ओरडा होतो. मग ही निर्वेध नजर कुणाची? ती रांगेतली नव्हे, ध्यानातली. आणि ध्यानातली असेल तर तिला घाई शोभत नाही. भागवताच्या रीतीत प्रत्येक अंगावर थांबणं आहे. एका दमात वर गेलेला कॅमेरा गुळगुळीत असूनही उथळ ठरतो.

प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटात विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा शेवटी गरुडावर बसून वैकुंठाला जातात. गौरीनं रंगवलेली जिजाई खालीच राहते. दामले-फत्तेलालांच्या त्या प्रसंगात डोळे वर लागतात आणि जीव जिजाईपाशी अडकतो. दांड्याचंही असंच आहे. कॅमेरा वर चढतो तेव्हा मागं पाण्याचा कॅन खाली जात असतो, आणि तो चौकटीत कधीच येत नाही. तो शेवटी दांडा थांबवणाऱ्या अडणीला टेकतो. तिथं आधीच जुन्या चादरीची घडी ठेवावी लागते, नाहीतर मुखावरच्या हास्यापाशी पोचता पोचता चित्र हलतं.