पुसणार कोण?

रातपाळीला कॉस्टिकच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू शिजवायला हे कॉस्टिक लागतं. साहेबाचा पहिला हुकूम निघाला, "झाडूवाल्याला बोलवा!" सांडलं कसं, हे कोणी इचारलं नाही. पुसणार कोण, हे मात्र हजार वर्षं आधीच ठरलेलं.

कॉस्टिक आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं, मग कातडी घेऊन जातं. तो अनवाणी, हाती चिंधी. वरून सांगणं, पाणी मार, नालीत ढकल. नाली नाल्याला, नाला नदीला.

दोस्तहो, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर तळं बाटलं म्हणून सवर्णांनी त्यात शेण-गोमूत्र ओतलं. नदीत जहर गेलं की ती बाटत नाही? मग बाट पाण्याला लागते, की माणसाला लावतात?

शुद्धी करायचीच तर ही करा. टाकीभोवती अख्खी टाकी मावेल असा बांध घाला. गळण्याआधी व्हॉल्व्ह बदला. जवळ वाळू ठेवा, धुवायला नळ ठेवा. पिंपावर धोका मराठीत लिहा. भोपाळला १९८४ साली वायू अडवायची साधनं होतीच. कुठलं बंद ठेवलेलं, कुठलं नादुरुस्त. पैसा वाचला, वस्ती मेली.

त्या राती मी आडवा झालो. म्हटलं, आधी गमबूट, हातमोजे, चष्मा. मगच तो हात लावील. साहेब गुरगुरला. पण बूट आले. कोरे करकरीत. इतके दिवस कपाटात कुलूपबंद होते.

ते कुलूप कोणाच्या मनाला होतं, हे मी अजून इचारतोच आहे.